एका वेळी एकच!

विमान डॅलसला उतरायला लागलं की खिडकीतून खाली बघा. (आयल सीट मिळाली असेल तर शेजाऱ्याच्या अंगावरून वाकून बघा, आपल्याला कुठली लाज!) लाकडी कुंपणांनी आखलेली एकसारखी बॅकयार्ड्स दिसतात. त्यातले निळे ठिपके म्हणजे स्विमिंग पूल, आणि काळे गोल म्हणजे ट्रॅम्पोलिन. आमच्या हापिसातल्या देसी मंडळींमध्ये तर घर घेतल्यानंतरच्या पायऱ्या ठरलेल्याच आहेत. आधी सत्यनारायण, मग बार्बेक्यू ग्रिल, मग ट्रॅम्पोलिन.

आता ह्यात माझं मत मांडण्यासारखं काय आहे? मला ना मूल, ना बॅकयार्ड. पण माझी ताई फ्रिस्कोला राहते. तिला दोन्ही आहेत, आणि ह्या उन्हाळ्यात तिला ट्रॅम्पोलिनही हवं आहे. "तू इंजिनिअर ना रे? मग बघ जरा कुठलं चांगलं ते," असं म्हणून तिने तीन लिंका पाठवल्या आणि विषय माझ्या गळ्यात मारला. (जिजूही इंजिनिअरच आहेत, पण ते सिव्हिलवाले. "फाउंडेशन लागणार असेल तर सांग," एवढं बोलून ते मोकळे झाले.) भाचा नऊ वर्षांचा आहे, भाची चार वर्षांची. शिवाय जूनमध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत, म्हणजे लक्ष ठेवायला घरात माणसंही असतील. सगळं कसं जमून आलंय!

मग मी आपल्या जातीला जागून एक्सेल शीट उघडली. कॉलम केले. व्यास, स्प्रिंगांची संख्या, स्प्रिंगांची लांबी, फ्रेमची जाडी, वजनाची मर्यादा, जाळी आत की बाहेर, वॉरंटी, किंमत. दोन वीकांत त्यात गेले. आणि ते संपेपर्यंत माझं असं पक्कं मत झालं की ह्या शीटमध्ये सगळ्यात महत्त्वाचा कॉलमच नाही, आणि तो कुठल्याही दुकानातल्या डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला नसतो. त्याबद्दलच हे सगळं.

आधी परफॉर्मन्सचं बघू, कारण सगळे रिव्ह्यू त्याच्याबद्दलच असतात. 'बाउन्स मस्त आहे', 'बाउन्स जरा कडक आहे', वगैरे. ट्रॅम्पोलिनमधली मॅट पॉलिप्रॉपिलीनच्या विणलेल्या कापडाची असते. ती स्वतः फारशी ताणली जात नाही. ताणल्या जातात त्या भोवतीच्या स्प्रिंगा. चौदा फुटी मॉडेलला साधारण सत्तर ते शंभरच्या दरम्यान स्प्रिंगा असतात. तुम्ही वरून पडता, स्प्रिंगा ताणल्या जातात, तुमची ऊर्जा त्यांच्यात साठते आणि पुढच्या क्षणी बरीचशी तुम्हाला परत मिळते. स्प्रिंगा लांब असतील तर मॅट जास्त खोल जाते आणि उसळी मऊ लागते. स्प्रिंगा आखूड असतील तर झटका बसतो. बस्स, एवढंच शास्त्र. अकरावीच्या फिजिक्सच्या पुढे जायची गरज नाही.

आकाराचंही एक गणित आहे. जिम्नॅस्ट लोक आयताकृती ट्रॅम्पोलिन वापरतात. त्यावर तुम्ही जिथे उडी मारता तिथूनच बऱ्यापैकी सरळ वर जाता. घरगुती ट्रॅम्पोलिन बहुतेक गोल असतं, आणि गोल मॅट तुम्हाला प्रत्येक उडीला थोडं थोडं मध्याकडे ढकलते. एकट्या पोरासाठी हे चांगलंच आहे, कारण ते कडेपासून लांब राहतं. दोन पोरं असतील तर? दोघंही मध्याकडे. तीन असतील तर तिघंही मध्याकडे. म्हणजे एकाला वाचवणारं डिझाइन दोघांची टक्कर घडवतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे. एका युझरसाठी झकास चालणारा कोड दुसरा युझर लॉगिन झाला की झोपतो.

टकरीचं सोडा, त्याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. त्यासाठी थोडं पाटीवरचं गणित करू.

जिजू ८० किलोचे आहेत असं धरू. (ते स्वतः ७५ सांगतात, पण असो.) ते मॅटच्या वर अर्धा मीटर उडाले, आणि खाली आल्यावर मॅट ४० सेंटिमीटर दबली. म्हणजे ते एकूण ०.९ मीटर खाली आले. ८० गुणिले ९.८ गुणिले ०.९ केलं की सुमारे ७०० ज्यूल होतात, आणि ते सगळे त्या क्षणी स्प्रिंगांमध्ये बसलेले असतात. आता भाची १६ किलोची आहे. ती त्याच वेळी मॅटवर उतरली आणि त्या ७०० पैकी फक्त पाव हिस्सा, म्हणजे १७५ ज्यूल, तिच्या वाट्याला आले. १६ किलोच्या वस्तूला १७५ ज्यूल किती वर नेतात? १.१ मीटर. चार वर्षांच्या मुलीची स्वतःची उंची साधारण एक मीटर असते. म्हणजे तिने स्वतः मारलेल्या उडीच्या वर आणखी तिच्याएवढी उंची, आणि तीही न मागता, कुठल्या दिशेला ते माहीत नसताना!

मुलं ह्याला 'डबल बाउन्स' म्हणतात आणि मुद्दाम करतात, कारण त्यात मजा येते. आणि उंच उडणं हा त्यातला बरा भाग आहे. वाईट भाग म्हणजे मॅट वर येत असताना त्याच क्षणी पोर खाली येत असतं. मऊ गादीवर पडण्याऐवजी ते वर येणाऱ्या फळीवर आपटल्यासारखं होतं. गुडघा सरळ असेल तर सगळा मार नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, गुडघ्याच्या किंचित खाली बसतो. लहान मुलांमधला हा प्रकार इतका ठरलेला आहे की डॉक्टर लोक त्याला चक्क 'ट्रॅम्पोलिन फ्रॅक्चर' म्हणतात. त्यासाठी पोराला मॅटवरून बाहेर पडावं लागत नाही, स्प्रिंगेत पाय अडकावा लागत नाही, कोणाशी टक्कर व्हावी लागत नाही. सगळं व्यवस्थित चालू असताना होतं.

आणि प्रत्येक वेळी होत नाही, हीच गोची आहे. दोघांच्या उड्यांचं टायमिंग कसं जुळतं त्यावर सगळं अवलंबून. शंभर वेळा काहीच होत नाही आणि एकशे एकाव्या वेळी होतं. प्रॉडक्शनमधला रेस कंडिशनचा बग ज्याने शोधलाय त्याला हे लगेच कळेल. टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं असतं. त्यामुळे "आमची मुलं तीन वर्षं उड्या मारतायत, काही नाही झालं" हे वाक्य कितीही खरं असलं तरी त्याने काहीच सिद्ध होत नाही.

हे फक्त माझं पाटीवरचं गणित नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स ही इथली बालरोगतज्ज्ञांची संस्था. तिने २०१२ साली ह्यावर सविस्तर निवेदन काढलं. त्यानुसार ट्रॅम्पोलिनवरच्या सुमारे तीन चतुर्थांश इजा मॅटवर एकाहून जास्त जण असताना होतात. आणि अशा वेळी सगळ्यात हलक्या मुलाला इजा होण्याची शक्यता जड भिडूच्या तुलनेत १४ पटींपर्यंत असते. २००९ ह्या एका वर्षात अमेरिकेत ट्रॅम्पोलिनमुळे झालेल्या इजांचा अंदाज त्यात सुमारे ९८,००० असा दिला आहे.

मग जाळीचं काय? हा प्रश्न ताईने लगेच विचारला. "अरे आता सगळ्यांना जाळी असते!" बरोबर आहे, असते. आणि असलीच पाहिजे. पण त्याच निवेदनातला दुसरा आकडा बघा. ट्रॅम्पोलिनवरून खाली पडण्याने होणाऱ्या इजा एकूण इजांच्या २७ ते ३९ टक्के आहेत. म्हणजे जाळी शंभर टक्के चालली, कधी फाटली नाही, उन्हाने विरली नाही, तिची चेन प्रत्येक वेळी कोणीतरी आठवणीने लावली, तरी ती फार तर ह्या हिश्श्यालाच हात घालते. उरलेल्या इजा जाळीच्या आत, मॅटवरच होतात. अकॅडमीने तर स्पष्ट म्हटलंय की जाळ्या आल्यामुळे इजा लक्षणीय कमी झाल्याचं दिसत नाही.

उलट माझं मत असं की जाळीमुळे आपण एक वेगळीच चूक करतो. जाळी दिसली की आपल्याला ते पाळण्यासारखं वाटायला लागतं. आत सोडा चार पोरं, लावा चेन, आणि या डेकवर चहा प्यायला. जाळी नसती तर चार पोरं एकदम वर चढवायची कोणाची हिंमत झाली असती? जे उपकरण एका माणसासाठी आहे ते जाळीमुळे चौघांसाठी वाटायला लागतं.

तोच प्रकार वजनाच्या मर्यादेचा. डब्यावर ३००-४०० पौंड लिहिलेलं असतं. आपण भागाकार करतो, म्हणजे ६० पौंडांची पाच पोरं! पण ती मर्यादा म्हणजे फ्रेम, स्प्रिंगा आणि मॅट किती सोसतील ह्याचं उत्तर आहे. मॅटवरचे हाडामांसाचे पाय किती सोसतील ह्याचं नाही. काही कंपन्या आता जाड फ्रेमची, एकाहून जास्त जणांसाठी म्हणून मॉडेल्स विकतात. फ्रेम जाड झाली म्हणून ७०० ज्यूलचे ६०० होत नाहीत. गंमत म्हणजे जाहिरातीतल्या फोटोत तीन-चार मुलं हवेत असतात, आणि डब्यातलं मॅन्युअल काढलं की सूचनांमध्ये ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, एका वेळी एकच. माझ्या शीटमधला हरवलेला कॉलम तो हाच!

"आई-बाबा असतील की लक्ष ठेवायला." हा ताईचा पुढचा मुद्दा. आता आमचे बाबा म्हणजे लक्ष ठेवण्याच्या बाबतीत सीसीटीव्हीला लाजवतील. पण लक्ष ठेवून करणार काय? टायमिंगचा जो खेळ मी वर सांगितला तो सेकंदाच्या काही भागात संपतो. अकॅडमीच्या आकडेवारीत एक तृतीयांश ते निम्म्या इजा मोठं माणूस देखरेखीला असताना झालेल्या आहेत. म्हणजे देखरेख करायची तर ती "जपून रे" असं ओरडण्याची नाही. "तो खाली उतरल्याशिवाय तू वर चढायचं नाहीस" ह्या एका नियमाची. आणि नऊ वर्षांच्या नातवाला हे दिवसातून चाळीस वेळा सांगणं, वाईटपणा घेणं, हे सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांवर टाकायचं का, हा प्रश्न ट्रॅम्पोलिन घेण्याआधी विचारायला हवा. मला तरी ते बरोबर वाटत नाही.

ही वस्तू मुळात कशासाठी बनली तेही बघण्यासारखं आहे. जॉर्ज निसेन नावाच्या आयोवातल्या जिम्नॅस्टला सर्कसमधले झोपाळ्यावरचे कलाकार शेवटी खालच्या जाळीत पडून उसळतात ते बघून कल्पना सुचली. १९३० च्या दशकात त्याने आपले कोच लॅरी ग्रिसवोल्ड ह्यांच्याबरोबर पहिलं आधुनिक ट्रॅम्पोलिन बनवलं. १९४५ मध्ये त्याला पेटंट मिळालं. म्हणजे हे सरावाचं उपकरण होतं. वर एक जण आणि बाजूला सांभाळायला माणसं. २००० साली सिडनीला ते ऑलिंपिकमध्ये आलं, तेही एकेरीच. आणि ह्या खेळात 'सिंक्रोनाइज्ड' नावाचा एक प्रकार आहे. दोन खेळाडू एकाच वेळी, अगदी एकसारख्या उड्या मारतात. त्यांना ट्रॅम्पोलिन किती देतात माहितेय? दोन! आयुष्यभर फक्त हेच केलेल्या माणसांनाही एका मॅटवर दोघांना सोडत नाहीत. आणि आपण वाढदिवसाला बारा पोरं सोडतो.

आपल्याकडे मल्लखांबाच्या रोजच्या सरावात काय असतं? एक पोरगा वर, बाकीचे रांगेत, शेजारी सर उभे. रांगेत उभं राहिल्यामुळे कोणाचं बालपण करपल्याचं ऐकिवात नाही. :)

आता ह्यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो जिजूंनी घेतला. "मग सायकल पण बंद करा, झाडावर चढणं बंद करा, पोरांना बबल रॅपमध्ये गुंडाळून ठेवा." मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. इथे मुलांना खाली जाऊन खेळायला सोसायटीचं अंगण नसतं, मित्राकडे जायचं तरी गाडी काढावी लागते. हातातला आयपॅड सोडवून घराबाहेर काढणारी कुठलीही गोष्ट आईबापांना देवासारखी वाटते, आणि ट्रॅम्पोलिन ते काम खरंच करतं. पोरं घामाघूम होऊन येतात आणि रात्री नऊला गाढ झोपतात. ह्याची किंमत मला पोरं नसताना कळणार नाही, हेही मान्य.

पण सायकलमध्ये आणि ह्यात एक फरक आहे. सायकल जितकी जास्त चालवाल तितका तोल सुधारतो, आणि डोक्यावर हेल्मेट चढवता येतं. ट्रॅम्पोलिनवर पोरगं जितकं तरबेज होतं तितकं ते कोलांट्यांकडे वळतं. आणि मानेच्या, मणक्याच्या सगळ्यात गंभीर इजा बऱ्याचदा कोलांटी फसल्यावर होतात. शिवाय सायकलवर एका वेळी एकच बसतो, हे सायकल स्वतःच ठरवते. ट्रॅम्पोलिन ठरवत नाही. ते तुम्हाला ठरवावं लागतं, रोज, प्रत्येक वेळी.

मग माझा निकाल काय? बंदी घाला असं माझं म्हणणं नाही. अकॅडमीचं मात्र तसंच आहे, घरी हे नकोच. मी थोडा मवाळ आहे. माझे नियम असे:

घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर मोठं ट्रॅम्पोलिन नको. इथलं सरकारी कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनही हेच सांगतं. "धाकटीला चढू देणार नाही" हे बोलायला ठीक आहे. दादा उड्या मारतोय आणि चार वर्षांची बहीण खाली उभी राहून शांतपणे बघतेय, असं घर मी तरी पाहिलेलं नाही.

सगळी मुलं मोठी असतील तर घ्या, पण 'एका वेळी एकच' हे पाळवून घ्यायची तयारी असेल तरच. घड्याळ लावा, तीन-तीन मिनिटांच्या पाळ्या करा. वाढदिवसाच्या पार्टीत ते बंद ठेवा. शिडी असेल तर काढून घरात ठेवा, म्हणजे तुमच्या परवानगीशिवाय छोटं कोणी चढणार नाही. कोलांट्या मारायच्याच असतील तर त्या जिम्नॅस्टिक्सच्या क्लासमध्ये, कोचसमोर.

पैसे खर्च करायचे तर बाउन्सवर करू नका. स्प्रिंगांवर जाड पॅड, मॅटच्या कडेलाच लावलेली आतली जाळी आणि जमिनीत रोवायचे अँकर ह्यांवर करा. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या कीथ अलेक्झांडर ह्यांनी स्प्रिंगांऐवजी मॅटच्या खाली फायबरग्लासच्या कांड्या लावायची युक्ती काढली. तिच्यामुळे स्प्रिंगेत पाय अडकण्याचा प्रश्न मिटतो. चांगलीच आहे, पण डबल बाउन्स तिथेही होतोच. अँकरचं म्हणाल तर टेक्सासमधल्या मार्च ते मेच्या वाऱ्यांबद्दल मी वेगळं सांगायला नको. २०२० च्या फेब्रुवारीत सियारा वादळात लंडनच्या आग्नेयेला एक ट्रॅम्पोलिन उडून चक्क रेल्वेच्या रुळांवर जाऊन बसलं होतं. चौदा फुटी मॅट म्हणजे शेवटी एक मोठं शीडच.

आणि विकत घेण्याआधी होम इन्शुरन्सवाल्यांना एक फोन करा. काही पॉलिसींमध्ये ट्रॅम्पोलिनमुळे झालेली इजा सरळ वगळलेली असते, काहींना जाळी आणि कुलूपबंद कुंपण हवं असतं. शेजारचं पोर तुम्हाला न विचारता येऊन पडलं तरी इथे ते तुमच्या अंगाशी येऊ शकतं. शंभर वर्षांचे आकडे घेऊन बसलेली ही माणसं ज्याला घाबरतात, त्याला आपणही थोडं घाबरायला हरकत नाही.

हे सगळं मी ताईला सांगितलं. "दोन वर्षं थांब, धाकटी सहाची झाली की मग घे," असं म्हटलं. ती म्हणाली, "तोपर्यंत मोठा अकराचा होईल आणि फोनला चिकटेल, त्याचं काय?" ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मोठ्यासाठी आठवड्यातून दोनदा जिम्नॅस्टिक्सचा क्लास, असा तोडगा सुचवला आहे. पण क्लासला न्यायचं-आणायचं कोणी, हा प्रश्न आहेच. बॅकयार्डचं दार उघडून देण्याइतकं ते सोपं नाही. सध्या घरात वाटाघाटी चालू आहेत, आणि माझ्याशी जरा तुटक बोलणंही.

पण माझं म्हणणं तेच आहे. ह्या वस्तूची मजा आणि तिचा धोका हे दोन वेगळे पार्ट नाहीत, की एक ठेवला आणि एक काढून टाकला. दोन्ही त्याच स्प्रिंगांमधून येतात. जास्तीचे दोनशे डॉलर देऊन सेफ्टी विकत मिळाली असती तर फारच बरं झालं असतं. पण इथली खरी सेफ्टी म्हणजे एक नियम आहे, आणि तो कुठल्याच डब्यात घालून मिळत नाही. खाली रांगेत उभ्या असलेल्या पोरांना रोज "थांब, तुझी पाळी नाही" म्हणायला तुमच्या घरात कोणी तयार आहे का, तेवढं आधी बघा. असेल तर खुशाल घ्या. नसेल तर कितीही स्टार असलेलं मॉडेल दुकानातच बरं.